उजव्या चाकाच्या ब्रेकमधली हवा

उजव्या चाकाच्या ब्रेकमधली हवा मी काढली होती की नव्हती, हे मला आजही सांगता येत नाही. डाव्या चाकाचं विचारा, शपथेवर सांगतो. डाव्या चाकाखाली मी पालथा पडलो होतो, कोपराला लाल मुंग्या चावल्या होत्या, आणि तेलाच्या बाटलीत असे बुडबुडे आले होते की एकेकावर बसून माणसानं अंबाझरी तलाव पार करावा. पण उजव्या चाकाकडे वळलो तेवढ्यात चहा आला. चहा आला हे पक्कं आठवतं. बशीला तडा होता, तोही आठवतो. चहा पिऊन मी पुन्हा चाकाखाली गेलो, की सरळ ऑफिसात जाऊन रजिस्टरमध्ये 'ब्रेक तपासले, हवा काढली, ठीक' असं लिहून सही ठोकली, इथं आलं की माझं डोकं जे बंद पडतं ते पडतंच.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. दुष्काळ नुकताच सरला होता आणि सरकारला विहिरींचं वेड लागलं होतं. मी एका सरकारी खात्याच्या वर्कशॉपात फिटर होतो. वर्कशॉप नागपूरच्या दक्षिण टोकाला, बेशाच्या वाटेवर. तेव्हा बेसा म्हणजे तुरीची शेतं आणि मधूनमधून कुत्री. आमच्याकडे एक कॉम्प्रेसर होता, दोन चाकांच्या ट्रेलरवर बसवलेला. विहिरीतला खडक फोडायच्या ड्रिलला तो हवा पुरवायचा. जीपच्या मागं जोडून त्याला गावोगाव न्यायचं. वजन किती म्हणाल? कागदावर दीड टन होतं. पण त्याला ढकलून पाहिलेल्या माणसाला विचारलंत तर तो सीताबर्डीचा किल्ला म्हणाला असता.

या ट्रेलरला ब्रेक होते, आणि ते तेलावर चालायचे. पण त्यांना पेडल नव्हतं. हे समजायला मला स्वतःला दोन वर्षं लागली, तुम्हाला दोन ओळींत सांगतो. जीपनं ब्रेक मारला की मागचा ट्रेलर जीपवर रेटा देतो. त्या रेट्यानं ट्रेलरच्या पुढच्या नळीतला लोखंडी दांडा आत सरकतो, दांडा तेलाला दाबतो, तेल पाइपातून चाकांकडे जातं आणि चाकं आवळली जातात. म्हणजे ट्रेलर स्वतःच्याच धक्क्यानं स्वतःला थांबवायचा. पाइपात हवा राहिली तर दांडा नुसती हवा दाबत बसतो, तेल पुढं जातच नाही. म्हणून ती हवा काढायची.

आणखी एक भानगड. जीप मागं घेताना जीप ट्रेलरला ढकलते, तेव्हाही दांडा आत जातो आणि ट्रेलर अडेलतट्टू होऊन उभा राहतो. म्हणून रिवर्स घ्यायच्या आधी दांड्यात एक खुंटी अडकवायची. खुंटी असली की दांडा हलत नाही, ब्रेक लागत नाहीत. पुढं निघताना मात्र ती आठवणीनं काढायची.

तर हा ट्रेलर, दसरा होऊन तीन दिवस झाल्यावर, इतवारीकडचा रेल्वेचा पूल उतरताना जीपच्या मागं थांबायला तयार झाला नाही.

मी तिथं नव्हतो. पण मी ते इतक्यांदा सांगितलंय की आता मीच जीप चालवत होतो असं वाटतं. जीपनं ब्रेक मारला. मागून कॉम्प्रेसरनं तिला असं ढोसलं की जीप सरळ उतार संपवून एका भांडीवाल्याच्या दुकानापुढं मांडलेल्या मालात शिरली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण आवाज! पितळी घागरी, परातींची चळत, तांबे, गंगाळं. लोक म्हणतात एक तांब्या गरंगळत लकडगंजातल्या लाकूड कापायच्या आरामशिनीपर्यंत गेला. मी लोकांचं ऐकत नाही, माझ्या हिशेबी तो चौकापर्यंतच गेला असेल. तिथं एका गाईनं त्याला हुंगलं, एवढं खात्रीचं.

जीप चालवत होते आमचे जुने ड्रायव्हर. त्यांना सगळं वर्कशॉप काकाजी म्हणायचं. अंगानं हातभर, मिशा दोन हात. पेन्शनीला आठ महिने राहिले होते. सत्तावीस वर्षांत त्यांनी कोंबडीच्या पंखालासुद्धा धक्का लावला नव्हता, असं ते म्हणत. कोंबड्यांना विचारायला कोणी गेलं नव्हतं. साहेबांनी त्याच दिवशी त्यांना घरी बसवलं. चौकशी व्हायची होती. चौकशीत 'चालकाचा निष्काळजीपणा' असं आलं असतं तर नोकरीही जाणार होती आणि पेन्शनही.

आणि चौकशीच्या फायलीत पहिला कागद कोणता? दसऱ्याआधीची माझी सही असलेला. 'ब्रेक ठीक.'

आता माझी काय अवस्था झाली बघा. ब्रेक ठीक निघाले, तर काकाजी गेले. ब्रेक खराब निघाले, तर मी गेलो. आणि ब्रेक कसे होते ते मला ठाऊक नाही, कारण चहा आला होता.

काकाजींना घरी बसवलं होतं खरं, पण ते घरी बसत नव्हते. रोज सकाळी खाकी कपडे चढवून फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर येऊन बसायचे, संध्याकाळी भोंगा झाला की उठून जायचे. चहाही घेत नसत. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, आल्या. हातात डबा होता. तो काकाजींसमोर ठेवून त्या फाटकातून सरळ आत आल्या. चौकीदार आडवा आला, त्याच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं, तो बाजूला झाला. मी बाकावर बसून भाकरी खात होतो.

"काहून गा मिस्त्री, बिरेक चांगले हायेत म्हणून तुम्हीच लिहून देलं ना?"

"हो काकी. म्हणजे..."

"म्हणजे काय? चांगले होते का नोयते?"

"डावा चांगला होता."

"अन् उजवा?"

मी भाकरीचा मोठा तुकडा तोंडात कोंबला. काकी तो गिळून व्हायची वाट पाहत उभ्या राहिल्या. मी तो तुकडा एवढा वेळ चावला की त्याचं पुन्हा पीठ झालं असावं.

"उजव्याचं आठवून राहिलो, काकी."

"आठवा बाप्पा," त्या म्हणाल्या. "हा माणूस घरी येऊन बोलत नाही. जेवताना ताटाकडे पाय लांबवते, बिरेक दाबल्यावानी. मले भेव वाटते." आणि निघून गेल्या. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. चिडलेल्या बाईला मी दहा गोष्टी सांगून हसवू शकतो, पण 'आठवा बाप्पा'ला काय उत्तर देणार?

चाचणी शनिवारी ठरली. साहेब स्वतः घेणार होते. साहेब सांगलीकडून बदलून आलेले, सरळ माणूस, पण मशीनपेक्षा कागद जास्त कळायचा. शुक्रवारी दुपारी ते बाहेर गेल्यावर मी आमच्या वेल्डरला शेडमागं नेलं. हा वेल्डर लकडगंजचा, आरामशिनीवाल्यांच्या घरातला. लाकूड सोडून लोखंडात आला म्हणून घरच्यांनी त्याला वाळीत टाकलं होतं असं तो सांगायचा. जेवायला मात्र रोज घरीच जायचा.

"उजव्या चाकाची हवा पाहून घेऊ," मी म्हटलं. "तू सब्बलीनं दांडा दाब, मी खाली निपल उघडतो. बुडबुडे निघाले तर समजायचं मी त्या दिवशी हवा काढलीच नव्हती."

"अन् हवा काढून टाकली तं उद्या बिरेक चांगले लागतीन," वेल्डर म्हणाला. "मंग काकाजी फसतीन."

"मग नको काढू."

"अन् नाई काढली तं तू फसशीन."

"मग काढू."

"बयताड हायेस का बे तू? एक सांग."

शेवटी ठरलं की नुसतं पाहायचं. काढायचं नाही, पाहायचं. बुडबुडा न काढता बुडबुडा कसा पाहतात, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. मी चाकाखाली गेलो, निपलला, म्हणजे हवा सोडायच्या बारक्या तोटीला, रबरी नळी लावली, नळीचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलं आणि ओरडलो, "दबाव!"

वेल्डरनं सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, टेकवली आणि रेटा दिला. काही नाही.

"दबाव ना बे!"

"दाबूनच राहिलो! हलतच नाही थो!"

मी बाहेर आलो. दोघांनी मिळून दाबलं. माझ्या पाठीत असा कडाका वाजला की शेडवरची कबुतरं उडाली. दांडा जागचा ढळेना. गंजला असेल म्हणून मी रॉकेल आणायला वळलो, तेव्हा वेल्डर म्हणाला, "थांब. या हाराखाली काय हाय?"

आता हाराचं सांगायला हवं. आमच्या वर्कशॉपात खांडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची. लेथपासून ग्रीस गनपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू. गाड्या धुऊन अंगणात एका ओळीत उभ्या करायच्या, तोंडं पूर्वेकडे. आणि एक नियम होता, तो कोणी घातला कोणास ठाऊक, पण तो मोडायची कोणाची छाती नव्हती. पूजेचा हार हातानं काढायचा नाही. वाळेल, तुटेल, वाऱ्यानं उडेल, जाईल तेव्हा जाईल. काढला तर यंत्र वर्षभर रुसतं. एकदा एका टर्नरनं लेथवरचा हार ओढला आणि आठवड्यात पट्टा तुटला. पट्टा आधीच अर्धा तुटलेला होता ही गोष्ट आम्ही सांगत नसू.

त्या वर्षी नव्या साहेबांनी हौसेनं स्वतःच्या हातानं पूजा केली होती. बाईसाहेबांनी झेंडूची एवढी मोठी टोपली आणली होती की जीप, ट्रक, लेथ सगळं सजूनही हार उरले. उरलेले सगळे साहेबांनी कॉम्प्रेसरच्या पुढच्या दांड्यावर गुंडाळले. एकावर एक, एकावर एक, नवरदेवाच्या घोड्यालाही एवढी फुलं नसतात. आता ती वाळून, तेल आणि धूळ खाऊन दांड्यावर नारळाएवढी गाठ झाली होती.

मी बोटानं गाठ न दुखवता जरा बाजूला सारली. आत खुंटी. ओळीत उभं करताना ट्रेलर रिवर्समध्ये आणला होता, तेव्हा लावलेली. वर हार पडला, आणि खुंटी तिथंच राहिली. पुलावर, इतवारीत, भांड्यांमध्ये, सगळीकडे ती तिथंच होती. ब्रेक लागणार कसे?

माझ्या अंगात असा आनंद शिरला की मी वेल्डरला उचललं. "सुटलो बे! उजव्या चाकाचा प्रश्नच नाही! खुंटी होती!"

वेल्डर खाली उतरून म्हणाला, "अन् खुंटी काढाचं काम कोणाचं असते?"

ड्रायव्हरचं. माझा आनंद तिथंच बसला.

मी टपरीवर गेलो. काकाजी तिथंच बसले होते, गुडघ्यावर हात ठेवून, स्टिअरिंग धरल्यासारखे.

"काकाजी, तुम्ही निघताना खुंटी काढली होती?"

एक बैलगाडी आली आणि गेली.

"कशी काढू गा? साहेबाच्या हातचा हार होता वरतून."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माह्या मनात होतं, हळू हळू नेऊ. जीपचे बिरेक मजबूत हायेत. इतवारीतून साखळदंड घेऊ, मंग सडकेनं जाता जाता थो हार गळूनच जाईन, मंग काढू खुंटी." ते थांबले. "नाई गळला."

"मग साहेबांना सांगितलं काहून नाही?"

"काय सांगू? तुमच्या पूजेनं अॅक्सिडेंट झाला म्हणू? नव्या माणसानं हौसेनं केली पूजा." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "अन् तू बी नोको सांगजो."

म्हणजे खुंटीचं सांगितलं तर मी वाचतो आणि काकाजी बुडतात. न सांगितलं तर चाचणीत ब्रेक लागणार नाहीत, काकाजी खरे ठरतात आणि मी बुडतो. तरीही उजव्या चाकात हवा असली तर खुंटी नसतानाही ब्रेक लागले नसते, म्हणजे मी तसाही... त्या रात्री मी अंथरुणावर हे गणित सोडवायला घेतलं आणि तीन वेगवेगळी उत्तरं आली. एका उत्तरात तर दोषी चहावाला निघाला.

शनिवारी सकाळी सगळं वर्कशॉप अंगणात जमलं. काकाजी फाटकाबाहेरच उभे होते, आत यायची परवानगी नव्हती. साहेबांनी ट्रेलरच्या टायरवर खडूनं रेघ मारली. चाक थांबलं की रेघ थांबेल आणि ती सगळ्यांना दिसेल, असा बेत. मग म्हणाले, "जीप मी स्वतः चालवतो. नंतर कोणी म्हणायला नको." चौकशीची वही त्यांनी माझ्या हातात दिली.

जीप निघाली. अंगणातून फाटकाकडे जरा उतार होता. साहेबांनी चांगलाच वेग घेतला आणि गचकन ब्रेक मारला. जीपची चाकं थांबली. ट्रेलरवरची खडूची रेघ मात्र गरगर फिरत राहिली. कॉम्प्रेसरनं जीपला मागून उचलल्यासारखं ढकललं आणि साहेब जीपसकट ऑफिसपुढच्या शेवंतीच्या वाफ्यात शिरले.

साहेब उतरले. चष्मा एका कानावर लोंबत होता, मांडीवर शेवंतीच्या पाकळ्या. त्यांनी चष्मा नीट केला, फाटकाकडे पाहिलं आणि काकाजींना उद्देशून मोठ्यानं म्हणाले, "अहो, हे असं झालं होतं का तुमचं?"

"असंच, साहेब," फाटकातून आवाज आला. "तुमच्यापुढं भांडे नोयते फक्त."

अर्धं वर्कशॉप हसलं. मग साहेब माझ्याकडे वळले, वही माझ्या हातातून घेतली आणि हसणं बंद झालं. "म्हणजे ट्रेलरला ब्रेक नाहीत. आणि रजिस्टरात तुमची सही आहे."

मी तोंड उघडलं. माझ्या इतर गोष्टींत मी अशा वेळी फार छान बोलतो. त्या दिवशी मात्र तोंडातून एवढंच निघालं, "डावा होता, साहेब."

"डावा काय?"

तेव्हा फाटकातून काकाजी आत चालत आले. चौकीदारानं हात आडवा केला, त्याच्या हाताखालून आले. "साहेब, खुंटी लागून हाय दांड्याले. मीच लावली, मीच काढली नाई. मिस्त्रीचा काई दोष नाई."

"खुंटी? कुठली खुंटी?"

साहेबांना समजावताना सगळ्यांनी एकदम तोंडं उघडली. चौकीदार म्हणाला, खुंटी म्हणजे पार्किंगचा ब्रेक. लेथवाला म्हणाला, नाही, कॉम्प्रेसरची हवा ब्रेकच्या पाइपात शिरली असणार, हवेचंच मशीन ते. कारकून म्हणाला, मग ती हवा पुन्हा कॉम्प्रेसरमध्ये भरता येणार नाही का? साहेबांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. मग मी सांगितलं: दांडा, तेल, रिवर्स, खुंटी. मला ते माझ्याच बोलण्यातून पहिल्यांदा नीट कळत होतं.

"मग तुम्ही ती काढली का नाहीत?" साहेबांनी काकाजींना विचारलं.

मी वेल्डरकडे पाहिलं, वेल्डर आभाळाकडे पाहत होता. मग माझ्याच तोंडून बाहेर पडलं, "साहेब, वर तुमच्या हातचा हार आहे. पूजेचा हार इथं कोणी काढत नाही."

साहेब त्या नारळाएवढ्या गाठीकडे पाहत राहिले. मला वाटलं आता सगळ्यांनाच घरी बसवतात, पूजेसकट. ते पुढं झाले, गुडघ्यावर बसले आणि विचारलं, "मी काढला तर चालेल?"

हा प्रश्न यापूर्वी कोणी विचारलाच नव्हता. शेवटी काकाजी म्हणाले, "ज्यानं घातला त्यानं काढला तं मशीन काहून रुसन?"

साहेबांनी हार सोडवला. सोडवायला दहा मिनिटं लागली, नखं काळी झाली. हार त्यांनी शेवंतीच्या वाफ्यात नेऊन ठेवला. मग खुंटी उपसली आणि मला म्हणाले, "आता हवा काढा. माझ्यासमोर. दोन्ही चाकांची."

आधी डावं. वेल्डर दांडा दाबून "धरला!" ओरडला, मी निपल उघडलं, स्वच्छ तेल, एक बुडबुडा नाही. मग उजवं. मी खाली गेलो, बाटलीत नळी सोडली. वेल्डरनं दाबलं. आणि बाटलीत बुडबुडे आले.

किती? खरं सांगायचं तर पाच-सहा. बारीक. मी आजवर प्रत्येक गोष्ट फुगवून सांगत आलोय, पण हे पाच-सहाच होते आणि मला ते पन्नास असल्यासारखे दिसले. पण ते त्या दिवशीचे होते, की मधल्या आठवड्यात भांड्यांच्या धडकेत सैल झालेल्या जोडातून शिरलेले? साहेबही चाकाखाली वाकून पाहत होते. "हे बुडबुडे आले म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे मी कदाचित हवा काढली नव्हती, साहेब."

"कदाचित?"

"चहा आला होता."

साहेब उठून उभे राहिले, वही उघडली आणि पेन काढलं. मग म्हणाले, "हार माझा, खुंटी यांची, बुडबुडे तुमचे. कागदावर एकच रकाना आहे." पेन खिशात ठेवलं. "चला, त्याच पुलावर जाऊ. गाडी हेच चालवतील. थांबली तर सोमवारी यांनी हजेरीपटावर सही करायची. नाही थांबली तर मी काही करू शकणार नाही."

वेल्डरला सायकलवर पुढं पाठवलं, भांडीवाल्याला सांगायला. साहेब जीपमध्ये काकाजींच्या शेजारी, मी मागं. पुलाच्या माथ्यावर त्यांनी जीप बाजूला घेतली, उतरले, दांडा पाहून आले. ते बसल्यावर मी उतरलो, पाहून आलो. मग साहेब उतरले. मागं सायकलरिक्षांची रांग लागली. एक रिक्षावाला ओरडला, "अरे भाऊ, मशीन पोटुशी हाय का? काहून सारखे पाहून राहिले?"

खाली भांडीवाला आमच्याकडे बघत होता. त्यानं माल आत नेला होता, दुकानाच्या फळ्या लावल्या होत्या, आणि स्वतः समोरच्या दुकानाच्या पायरीवर उभा होता.

काकाजींनी तळवे खाकी पँटला पुसून स्टिअरिंग धरलं. जीप उतरू लागली. मी मनात उजवं चाक, उजवं चाक म्हणत होतो, जसं लोक देवाचं नाव घेतात. उतार अर्धा झाला. काकाजींनी ब्रेक दाबला.

मागं दांडा आत गेला, तो ठक्क आवाज मी पाठीत ऐकला. ट्रेलर जीपला टेकला, आणि तिथंच राहिला. एकदा थोडा उजवीकडे ओढला, की डावीकडे, मला नक्की आठवत नाही. मग सगळं थांबलं. भांडीवाल्याच्या फळीपासून जीप वीस हात लांब.

साहेबांनी वही काढून मांडीवर ठेवली आणि एक ओळ लिहिली. काकाजींनी ती वाचली नाही, त्यांना सहीपुरतीच अक्षरं यायची. साहेबांनीच सांगितलं, "सोमवारी या." काकाजींनी मान हलवली. हात अजून स्टिअरिंगवरच होते.

मागच्या रिक्षावाल्यांनी आरडाओरडा सुरू केला. पुढं हातगाड्या, बाजूला हमाल, वळायला जागा नाही. मागं घेणं भाग होतं, तेही ट्रेलरसकट, चढावर. काकाजी एकदम सरळ बसले. पुढचे शब्द त्यांनी अशा आवाजात काढले की सत्तावीस वर्षांत असा आवाज त्यांनी साहेब लोकांपुढं काढला नसेल.

"साहेब, उतरा. मिस्त्री, तू खुंटी लाव. साहेब, तुम्ही मागं उभे राहून हात दाखवा."

साहेब उतरले. रिक्षांच्या मधे उभं राहून हात हलवू लागले. ट्रेलर मागं घेताना स्टिअरिंग डावीकडे वळवलं की तो उजवीकडे जातो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी उजवा हात दाखवला, कॉम्प्रेसर डावीकडे निघाला. त्यांनी घाईनं डावा दाखवला, तो उजवीकडे. मग दोन्ही हात दाखवले.

"अजी, कोनाकडे पाहून राहिले, साहेब?" काकाजी खिडकीतून अर्धे बाहेर येऊन ओरडले. "माह्याकडे पाहा! हं. असं. येऊ द्या, येऊ द्या..."